वर्तुळातले मूल आणि ताब्यातले मूल

घटस्फोटानंतर मूल कोणाकडे राहावे, हा विषय मराठी मंडळींच्या बैठकीत निघाला, की थोड्याच वेळात कोणीतरी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नाटकाची आठवण काढतो. चिं. त्र्यं. खानोलकरांनी बर्टोल्ट ब्रेख्तच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’वरून केलेले हे नाटक विजया मेहता यांनी १९७०च्या दशकात रंगभूमीवर आणले. पूर्व जर्मनीतील दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांचाही त्या उपक्रमात सहभाग होता. ज्यांनी तो प्रयोग पाहिलेला नाही, त्यांनाही त्याचा शेवट ठाऊक असतो. जमिनीवर आखलेले वर्तुळ, मधोमध उभे केलेले मूल, दोन्ही हातांना दोन बाया आणि समोर एक विक्षिप्त न्यायाधीश. जी ओढून घेते ती हरते. मुलाला इजा होईल म्हणून जी हात सोडते, तिला मूल मिळते. प्रेक्षक समाधानाने घरी जातो.

या नाटकाविषयी पूर्ण आदर राखून मला असे म्हणावयाचे आहे, की विभक्त आईबापांच्या मुलांविषयी विचार करताना हे वर्तुळ आपल्या उपयोगी पडत नाही. किंबहुना, ते आपली दिशाभूल करते. नाटक म्हणून ते थोर आहे. दृष्टान्त म्हणून मात्र ते आपण भलत्याच ठिकाणी वापरतो आहोत.

प्रथम या वर्तुळाची कुळकथा पाहू. पाली जातककथांतील महाउम्मग्ग जातकात महोसध पंडिताची कथा आहे. एक यक्षिणी एका स्त्रीचे मूल पळवते आणि ते आपलेच असल्याचा दावा करते. महोसध जमिनीवर रेघ ओढतो, मुलाला रेघेवर ठेवतो आणि दोघींना ओढावयास सांगतो. मूल कळवळताच खरी आई हात सोडते. ‘बायबल’मधील सॉलोमन राजाने तलवार मागवून केलेला निवाडा याच जातीचा. चीनमध्ये युआन राजवटीच्या काळात ली शिंगदाओ या नाटककाराने न्यायाधीश बाओ आणि वर्तुळ यांवर नाटक लिहिले. जर्मन लेखक क्लाबुंड याने १९२५ मध्ये त्याचे रूपांतर केले, आणि अमेरिकेत निर्वासित असताना १९४४ मध्ये ब्रेख्तने आपले नाटक लिहिले. तेथून ते खानोलकरांकडे आले. म्हणजे जातकातली एक रेघ चीन-जर्मनी-अमेरिका असा फेरा करून पुन्हा आपल्याकडे वर्तुळ होऊन परतली असे म्हणण्याचा मोह होतो. जातक आणि चिनी नाटक यांचा प्रत्यक्ष वारसा सिद्ध करणे हे पंडितांचे काम. मोह मात्र आवरत नाही.

ब्रेख्तने यात केलेला मोठा बदल सर्वश्रुत आहे. जुन्या कथांत हात सोडणारी बाई जन्मदात्री असते. ब्रेख्तच्या नाटकात जन्मदात्री राज्यपालाची विधवा आहे. बंडाळीत कपड्यांच्या पेट्या सांभाळताना ती मूल मागे टाकून पळाली आहे. ते मूल उचलून नेणारी, डोंगर ओलांडून त्याला जगवणारी ग्रुशा ही मोलकरीण हात सोडते, आणि अझ्दाक हा न्यायाधीश मूल तिला देतो. रक्तापेक्षा सांभाळ मोठा, हा ब्रेख्तचा निर्णय. त्याच बैठकीत अझ्दाकसमोर एका म्हाताऱ्या जोडप्याचा काडीमोडाचा अर्ज असतो, आणि तो ‘चुकून’ त्या दोघांऐवजी ग्रुशा व तिचा नाइलाजाने केलेला नवरा यांचीच फारकत लिहून मोकळा होतो. जगाच्या नाट्यवाङ्मयात घटस्फोट आणि मुलाचा निवाडा एकाच सहीनिशी होण्याचा हा बहुधा सर्वांत आनंददायी प्रसंग असावा. प्रेक्षक हसतात, आणि या हसण्यात एक गोष्ट निसटते. ज्यांची फारकत झाली, त्या दोघांचे ते मूल नव्हे. भांडण नवराबायकोचे नव्हतेच.

या दृश्याची सिद्धी कशावर उभी आहे, ते पाहिले पाहिजे. एक म्हणजे, दोन दावेदारांपैकी एक खोटी आहे. राज्यपालाच्या विधवेला मूल हवे आहे ते इस्टेटीसाठी, हे तिचा वकीलच बोलून जातो. दुसरे, मुलाचा बाप मेलेला आहे. पहिल्याच अंकात त्याचे डोके उडवून ब्रेख्तने तो प्रश्न मिटवला. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की न्यायासनापुढे त्या पोराला कोणी एक शब्द विचारत नाही. वर्तुळात ते उभे केले जाते, दोनदा ओढले जाते, शेवटी एकीच्या हाती दिले जाते. नाटकाच्या प्रास्ताविक प्रवेशात एका खोऱ्याच्या जमिनीचा वाद आहे, आणि शेवटी गायक त्या जमिनीचा, गाडीचा आणि मुलाचा न्याय एकाच सूत्राने लावतो: जो ज्याचे भले करील, त्याचे ते. सूत्र उदार आहे. पण जमीन, गाडी आणि मूल एकाच रांगेत बसले आहेत, ही गोष्ट आपल्या टीकाकारांना खटकलेली दिसत नाही.

आता घटस्फोटाच्या दाव्यात काय होते? तेथे यक्षिणी नसते. पेट्या सांभाळणारी विधवा नसते. समोरासमोर उभे असतात ते दोघे खरे असतात. दोघांनीही रात्री जागवलेल्या असतात, आणि मूल दोघांच्याही गळ्यात पडते. अशा जागी वर्तुळ आखले, तर ते कसली परीक्षा घेणार? हात सोडणे हीच प्रेमाची खूण मानली, तर दोघेही हात सोडतील आणि मूल मधोमध एकटे उभे राहील. ओढणे हा गुन्हा मानला, तर न्यायालयात अर्ज करणारा प्रत्येक बाप आणि प्रत्येक आई गुन्हेगार ठरेल.

या दृष्टान्ताचा खरा उपद्रव घरात होतो. आपल्या जुन्या, प्रतिष्ठित घराण्यांत विभक्त होणाऱ्या सुनेला वडीलधारी मंडळी काय सांगत आली? “पोराची ओढाताण करू नकोस. खरी आई असशील तर सोडून दे.” कथेतील आईला हात सोडल्याचे बक्षीस म्हणून मूल परत मिळते, या सुनेला मिळत नाही. तिने हात सोडला, वर्ष गेले, दोन वर्षे गेली, आणि मग न्यायालयात सांगितले जाते, की मूल आता येथे रुळले आहे, त्याची शाळा येथे आहे, त्याला हलवणे हिताचे नाही. कायद्याला परिस्थिती जशी आहे तशी ठेवण्याची स्वाभाविक ओढ असते. म्हणजे वर्तुळाच्या नीतीने वागणारी बाई वर्तुळाबाहेरच्या न्यायालयात हरते. हे पुरुषांच्या बाबतीतही घडते, हे मान्य केले पाहिजे. ‘बाईच्या नादी लागून पोराला कोर्टात खेचू नकोस’ असे सांगून गप्प बसवलेले बापही आपल्या ओळखीत असतात.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. मुलगी अगदी लहान असल्यापासून बापाकडे वाढली होती. आईपासून ती दुरावलेली होती. ब्रेख्तच्या सूत्राने पाहता जो सांभाळतो त्याचे मूल, म्हणजे बापाचे. न्यायालयाने तसे केले नाही. आईचा सहवासच मिळाला नसेल, तर मुलीचा कल बापाकडे असणारच. त्या कलाला तिची स्वतंत्र निवड कसे म्हणावे, असा विचार करून न्यायालयाने ती एका वर्षापुरती आईकडे सोपवली आणि पुढचा निर्णय त्या वर्षावर ठेवला. हा निकाल बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. बापाने निष्ठेने केलेला सांभाळ त्यात कमी तोलला गेला, असे म्हणणाऱ्यांना मी खोडून काढणार नाही. परंतु या निकालाला ठाऊक असलेली एक गोष्ट अझ्दाकला ठाऊक नव्हती: सहवास ही वस्तूही कोणाच्या तरी हाती असते, आणि ज्याच्या हाती ती असते तो मुलाचे मन घडवतो.

कायद्याच्या पुस्तकाकडे साहित्याचा विद्यार्थी म्हणून पाहिले, तर पुष्कळ काही सापडते. १८९०चा पालक व पाल्य अधिनियम आजही लागू आहे. त्याच्या १७व्या कलमात पाल्याचे कल्याण हा निकष आहे, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंती न्यायालयाने विचारात घ्यावी, असेही त्यात आहे. म्हणजे अझ्दाकने जे केले नाही, ते करण्याची सोय ब्रेख्तच्या जन्माच्या आठ वर्षे आधी एका वसाहतवादी कायद्याने करून ठेवली होती. पण त्याच कायद्याच्या १९व्या कलमाने सांगितले होते, की बाप जिवंत असेल आणि नालायक ठरला नसेल, तर दुसरा पालक नेमायचाच नाही. एका हाताने कल्याण द्यावे आणि दुसऱ्या हाताने बापाचे सिंहासन शाबूत ठेवावे, अशी ही रचना. त्या कलमात बापाच्या जोडीला आई हा शब्द यायला २०१० साल उजाडावे लागले.

१९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचे सहावे कलम तर एखाद्या टीकाकाराने धडा म्हणून शिकवावे. हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहील. आणि पुढे तेरावे कलम: मुलाचे कल्याण सर्वांत मोठे. या तीन विधानांत एक संपूर्ण समाज उभा आहे. मूल धुण्याभरवण्याचे वय आईचे; शाळा, नाव, पैसा, सही हे बापाचे; आणि यातून भांडण झालेच तर न्यायाधीशाने कल्याण पाहावे. ‘बीज’ आणि ‘क्षेत्र’ यांपैकी पीक कोणाचे, हा मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातला वाद विसाव्या शतकातल्या संसदेत वेगळ्या कपड्यांत येऊन बसलेला दिसतो.

या कलमातील ‘नंतर’ या एका शब्दावर पुढे जो खल झाला, तो एका कादंबरीकर्तीमुळे. ‘द थाउजंड फेसेस ऑफ नाइट’ या कादंबरीच्या लेखिका गीता हरिहरन यांनी व त्यांच्या पतीने १९८४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या नावे वीस हजार रुपयांचे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अर्जावर पालक म्हणून आईची सही होती. बापाची सही आणा, नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा, असे बँकेने कळवले. येथे नवराबायकोचे भांडण नव्हते. दोघे एकमताने आईची सही पुरे म्हणत होते. तरीही ती पुरी पडेना. त्यांच्या अर्जाबरोबर ऐकला गेलेला दुसरा अर्ज मात्र घटस्फोटाच्या दाव्यातूनच आलेला होता. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला, की ‘नंतर’ याचा अर्थ ‘बापाच्या मृत्यूनंतर’ एवढाच नव्हे. बापाच्या अनुपस्थितीत, असा तो घ्यावा. बाप मुलाकडे लक्ष देत नसेल, दोघांनी आपसांत तसे ठरवले असेल, आजारपणामुळे तो असमर्थ असेल, तर आई ही नैसर्गिक पालकच.

मीमांसकांच्या परंपरेला शोभेल असा हा शब्दार्थ आहे. कलम घटनाबाह्य ठरवून मोडून काढण्याऐवजी त्याच्या एका अव्ययाला वाकवून न्यायालयाने आईला दारातून आत घेतले. स्वागत सर्वांनी केले, मीही करतो. पण टीकाकाराने शब्दाशी थांबू नये, वाक्याकडे पाहावे. वाक्य अजूनही बापापासून सुरू होते. आई येते ती तो रंगमंचावरून गेल्यावर. तिच्या प्रवेशाची सूचना त्याच्या निर्गमनाच्या सूचनेत लिहिलेली आहे. विधी आयोगाने १९८९ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये ही असमानता काढून टाकण्याची शिफारस केली.

लेखणीने मुलाच्या कायद्याला हात घालणारी गीता हरिहरन ही पहिली लेखिका नव्हे. इंग्लंडमधील कॅरोलाइन नॉर्टन या कवयित्री-कादंबरीकर्तीचे तीन मुलगे १८३६ मध्ये नवऱ्याने तिच्यापासून तोडले. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात आईला मुलांवर कसलाच हक्क नव्हता. तिने पुस्तिका लिहिल्या, खासदारांच्या मागे लागली, आणि १८३९च्या कायद्याने सात वर्षांखालील मुले मागण्याचा व त्याहून मोठ्यांना भेटण्याचा अर्ज करण्याची वाट आईला मिळाली. व्यभिचाराचा ठपका नसेल तर, अशी अट होतीच. आपल्या ‘पाच वर्षांखालील मूल आईकडे’ या नियमाचा हा दूरचा पूर्वज. नॉर्टनच्या कविता आज कोण वाचतो? तिचे खरे वाङ्मय म्हणजे तो कायदा. आणि तिच्या मुलांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. धाकटा मुलगा १८४२ मध्ये घोड्यावरून पडून दगावला.

आता ‘ताबा’ या शब्दाकडे वळतो, कारण माझ्या मते मराठीपुरता सगळा घोटाळा तेथे आहे. हा शब्द मूळ अरबी. पाठोपाठ येणारा, अधीन, असा त्याचा भाव. ‘ताबेदार’ त्याच घराण्यातला. आपण शेताचा ताबा घेतो, सदनिकेची ताबापावती घेतो, पोलीस संशयिताला ताब्यात घेतात. आणि वर्तमानपत्र लिहिते: मुलाचा ताबा आईला. गुजरातीत ‘कबजो’ म्हणतात, तो याहून उघडा आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील कुटुंबांना हिंदी न्यायालयीन कागदांतला ‘अभिरक्षा’ हा शब्द परिचित असेल. तो संस्कृत आहे, जड आहे, पण निदान त्यात रक्षण आहे. इंग्रजी ‘कस्टडी’ला सांभाळ आणि कोठडी असे दोन्ही वास आहेत. मराठीने त्यातला कोठडीचा तेवढा ठेवला.

‘अज्ञान’ हा आणखी एक नमुना. सज्ञान नसलेले ते अज्ञान, एवढाच कायद्याला अभिप्रेत अर्थ. जुन्या सातबाराच्या उताऱ्यांवर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे असतात: अज्ञान पालनकर्ता. त्यापुढे बापाचे नाव, आणि बाप वारला असेल तर आईचे. कित्येक विधवांची नावे महसुली दप्तरात केवळ या तीन अक्षरांच्या आडोशाने शिरली. पालनकर्ता हा सुंदर शब्द आपल्या तलाठ्यांपाशी होता. न्यायालयाच्या बातमीत मात्र आपण ताबा निवडला.

बडोद्याच्या वाचकांना येथे एक गोष्ट आठवेल. सयाजीराव महाराजांच्या राज्यात हिंदूंना घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा १९३१ मध्ये झाला, मुंबई प्रांतातल्या १९४७च्या कायद्याच्या कितीतरी आधी, आणि १९५५च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या जवळजवळ पाव शतक आधी. त्या राज्यात कायद्याला ‘निबंध’ म्हणत, आणि राज्यकारभाराच्या शब्दांना देशी भाषांतून पर्याय शोधण्यासाठी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’सारखा बहुभाषी कोश सिद्ध केला जात होता. घटस्फोट देतानाच त्याची भाषाही घडवली पाहिजे, ही जाणीव त्या दरबारात होती. गोमंतकात तर पोर्तुगालच्या १९१० च्या फर्मानाने घटस्फोट आला. आज ‘घटस्फोट ही अलीकडची, मुंबई-पुण्याची हवा’ असे म्हणणाऱ्या आमच्या वयोवृद्धांनी हे दोन सन लक्षात ठेवावेत.

गोव्यातूनच २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले एक प्रकरण याच शब्दविचाराशी संबंधित आहे. मूल पाच वर्षांहून पुष्कळ लहान होते. आईची नोकरी, तिचे उत्पन्न, तिचा स्वभाव यांवर बोट ठेवून ते बापाकडे ठेवण्याचा प्रयत्न होता. न्यायालयाने पालकत्व, सांभाळ आणि भेट या तीन कल्पना कोशांच्या आधारे वेगळ्या केल्या, आणि सांगितले, की एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आई लायक असल्याचे तिने सिद्ध करायचे नसते. ती नालायक आहे हे बापाने सिद्ध करायचे असते. मराठीत आपण या तिन्ही कल्पना ‘ताबा’ या एकाच पोत्यात भरतो. मग ज्या बापाला पालक म्हणून शाळेच्या निर्णयात हक्क आहे, तोही ‘मी ताबा हरलो’ म्हणून उठून जातो. आणि जिच्याकडे मूल राहते ती आई समजते, की आता याचा काही संबंध उरला नाही. शब्द चुकला की माणसे कशी चुकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही.

आपल्या जुन्या वाङ्मयात वर्तुळाहून निराळी एक कथा आहे, ती या प्रश्नाला अधिक जवळची आहे असे मला वाटते. ‘महाभारता’च्या आदिपर्वात गंगा शंतनूला सोडून जाते. कारण ठरलेली अट मोडली. आठवे मूल वाचते. ते ती बरोबर घेऊन जाते, वाढवते, वेद आणि शस्त्रे शिकवते, आणि तरुण झाल्यावर बापाच्या हवाली करते. येथे ओढाताण नाही, न्यायाधीश नाही. लहानपण आईकडे आणि पुढचे आयुष्य बापाकडे, असा १९५६च्या कायद्याला साजेसा हिशेब आहे. पण व्यास तेथे थांबत नाहीत, आणि येथेच त्यांचे थोरपण. बापाकडे आलेला तो मुलगा थोड्याच काळात बापाच्या दुसऱ्या लग्नासाठी राज्य सोडतो, लग्न सोडतो, आणि जन्मभर त्या घराचा पहारेकरी होऊन राहतो. विभक्त आईबापांचे मूल मोठे झाल्यावर काय करते, तर त्यांच्यापैकी एकाचे सुख सांभाळण्याची जबाबदारी स्वतःवर घेते. कुटुंब न्यायालयातील समुपदेशक हे रोज पाहत असतील. भीष्मप्रतिज्ञेचे पोवाडे गाणाऱ्यांनी ती या अंगाने कधी वाचली आहे का?

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडेही या दृष्टीने परत जावे. १८९५ मध्ये ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले. पुढची काही वर्षे नवरा एका धर्मात, बायको दुसऱ्या धर्मात आणि आपल्या नात्यागोत्यात, आणि लहानगा दत्तू आईजवळ. घटस्फोट नव्हे, पण विभक्त घरच. पालकत्वाचा कायदा तेव्हा पाच वर्षांचा होता आणि त्याचे झुकते माप बापाकडे. आपण हे पुस्तक विनोदासाठी आणि धर्मांतराच्या कहाणीसाठी वाचतो. दोन धर्मांच्या मध्ये वाढणाऱ्या मुलासाठी वाचत नाही. तोच दत्तू पुढे देवदत्त टिळक म्हणून आईच्या लेखनाच्या पाठीशी उभा राहिला.

आधुनिक नाटकांत मूल बहुतेक वेळा बाहेर उभे असते. इब्सेनच्या नोराने १८७९ मध्ये दार आपटले, त्याचा आवाज मराठी रंगभूमीवर ‘कुलवधू’पर्यंत पोचला, पण दारामागे राहिलेल्या तीन मुलांचे काय, हा प्रश्न आपल्याला पडला नाही. इब्सेनला तो पडायला लावला गेला. जर्मन प्रयोगासाठी त्याने नाइलाजाने दुसरा शेवट लिहिला, त्यात मुलांच्या खोलीच्या दाराशी नोरा खचते आणि राहते. त्या शेवटाचा त्याला स्वतःलाच तिटकारा होता, आणि तो योग्यच. मात्र मूळ नाटकातच एक पात्र आहे: मुलांची दाई. नोराला सांभाळण्यासाठी तिने स्वतःचे मूल परक्यांकडे दिलेले असते. दोन-चार वाक्यांत येते आणि जाते. गरीब बाईचे हात सोडणे हे नाटकाला निवडीसारखे वाटत नाही, वाटते ते फक्त श्रीमंत बाईचे. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये मूल अजून जन्मलेलेही नाही, आणि खेळातले न्यायालय त्याच्याविषयी जो निकाल देते तो ऐकून अझ्दाकची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दोन्ही न्यायाधीश विदूषक. एक हसवून न्याय करतो, दुसरा हसवत हसवत अन्याय. मूल दोन्हीकडे मुकेच.

१९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले होते, की मुले म्हणजे मालमत्ता नव्हे आणि आईबापांची खेळणीही नव्हे. त्याला अर्धशतक उलटले. आज कुटुंब न्यायालयांच्या आदेशांत जे लिहिलेले असते, ते कोणत्याही नाटकापेक्षा अधिक सूक्ष्म असते. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. दिवाळीच्या सुटीचा पहिला अर्धा भाग यंदा आईकडे, पुढच्या वर्षी बापाकडे. वाढदिवसाला दोन तास. परगावी असलेल्याने आठवड्यातून अमुक वेळा दूरध्वनी करावा, आणि २०२०च्या एका निकालानंतर चित्रफोनवरून पाहावेही. न्यायालयाच्याच आवारात भेट असेल, तर तेथल्या खोलीत खेळणी असतात, आणि कोपऱ्यात कोणीतरी नजर ठेवून बसलेले असते. विधी आयोगाने २०१५च्या अहवालात संयुक्त सांभाळाची शिफारस केली, आजी-आजोबांच्या वेळेचाही विचार केला. शिफारशी शिफारशीच राहिल्या. तरी आजी-आजोबांचा उल्लेख वाचून मला बरे वाटले, कारण आपल्या घरांतून नातवंडाचे दप्तर भरून देणारी आणि ते परत आल्यावर उघडून पाहणारी माणसे तीच असतात.

मराठी नाटक-कथेने या शनिवाराकडे अजून नीट पाहिलेले नाही. साडेपाच वाजलेले असतात. मूल बूट घालायला उशीर करते. बाप घड्याळ पाहतो, कारण सहाला एक मिनिट उशीर झाला तर तो पुढच्या तारखेला कागदावर येणार. आई फाटकाशी उभी, आत यायचे नाही म्हणून. मुलाला या घरातली एक गोष्ट त्या घरात सांगायची असते आणि ती सांगावी की नाही, याचा विचार ते रिक्षात बसल्यावर करू लागते. येथे वर्तुळ नाही, खोटी आई नाही, आणि हात दोघांनीही धरलेलेच आहेत. ‘अजब न्याय वर्तुळाचा’ पुन्हा कोणी करायला घेणार असेल, तर जरूर घ्यावे. निकालाआधी अझ्दाकने एकदा खाली बसून त्या पोराला काही विचारावे आणि पोराने उत्तर द्यायला वेळ लावावा, एवढी मोकळीक दिग्दर्शकाने संहितेकडून मागून घ्यायला हरकत नाही.